२९ इंची हार्डटेलसाठी स्वस्तात हलकी चाकं: रिम, हब की आधी टायर?

खडीचा_घाट
मंडळी, चाकांबद्दल सल्ला हवाय. आधी सगळी माहिती देतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "एक्सल कुठला?" यातच जातात.

सायकल २९ इंची ॲल्युमिनियम हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदी पुढे १०० मिमी, मागे १३५ मिमी, दोन्हीकडे क्विक रिलीज, म्हणजे खटक्याने सुटणारा बारीक एक्सल. मागे ८ गियरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच). हायड्रॉलिक डिस्क, रोटर सहा बोल्टचे. टायर २.२ इंच रुंदीचे, वायर बीड (कडेला पोलादी तार, घडी होत नाही). वापर: आठवड्यातून दोनदा पुण्याची वेताळ टेकडी, रविवारी एखादा घाट, बाकी डांबर. माझं वजन ७८ किलो, सायकलीचं १५.

काट्यावरचे आकडे: पुढचं नुसतं चाक (टायर, ट्यूब, रोटर काढून) ११३० ग्रॅम. मागचं (कॅसेटही काढून) १४२०. टायर प्रत्येकी ८७०, ट्यूब प्रत्येकी २२०.

बजेट १५ हजार. तयार जोडी घ्यावी, हब-रिम घेऊन बांधून घ्यावी, की तिसरंच काही?

भंगारवाला
चाकांच्या आधी पाठीवरची बॅग काट्यावर ठेवा. तीन लिटर पाणी, दोन डबे, पंप आणि "असू दे" म्हणून घेतलेला पाना.

तारबंद
आकडे दिलेत हे फार बरं झालं. २५५० ग्रॅमची फोड करू. ३२ भोकांची चाकं असणार. २ मिमीची साधी तार २९ इंचाच्या लांबीत सात ग्रॅमच्या आसपास भरते, ६४ तारांचे झाले ४४८. तार रिमला आवळणारं पितळी निप्पल साधारण ग्रॅमभराचं, ६४. या वर्गातली डबल वॉल रिम ६२० धरू, दोनच्या १२४०. हे वजा केलं की हबच्या जोडीला ८०० उरतात. पोलादी एक्सल, पोलादी फ्रीहब (कॅसेट बसते तो भाग), कोन (छर्ऱ्यांवर आवळायचा निमुळता नट) आणि छर्रेवाले हब असणार, त्यामुळे आकडा पटण्यासारखा आहे.

आता बांधून घ्यायची जोडी बघा. ५०० ग्रॅमच्या रिम, आतून २५ मिमी. मध्ये बारीक केलेल्या २-१.८-२ च्या तारा, सहा ग्रॅमच्या. निप्पल पितळीच. सीलबंद बेअरिंगचे हब, जोडी साडेचारशेची. १००० + ३८४ + ६४ + ४५० = १८९८. साडेसहाशे वाचले.

पण ते कुठे वाचले ते बघा. ३५० हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी. ६४ तारांमध्ये. कडेला फक्त २४०. आणि १५ हजारात हे सगळं मजुरीसकट बसवताना ओढाताण होईल.

दुसरीकडे टायर. ८७० चा वायर बीड काढून ६९० चा फोल्डिंग टाकला तर दोन टायरचे ३६०. २२० च्या जागी १५० ची ट्यूब टाकली तर आणखी १४०. झाले पाचशे, सगळेच्या सगळे अगदी बाहेरच्या कडेला, आणि नव्या चाकांच्या मानाने फारच कमी पैशात.

त्यामुळे माझं मत: आधी टायर, मग रिम, हब सगळ्यात शेवटी. दुकानं नेमकी उलट्या क्रमाने विकतात, कारण हबच्या आवाजावर गिऱ्हाईक भुलतं.

गणितमास्तर
तारबंद यांच्या हिशोबाला थोडी पुरवणी. वेग घेताना कडेचा एक ग्रॅम दोन ग्रॅमइतका पडतो, कारण तो पुढेही जातो आणि गोलही फिरतो. तारेचा ग्रॅम सरासरी एक-तृतीयांश जास्त पडतो. हबचा एकाला एक.

नवी चाकं: २४० दुप्पट ४८०, तारांचे ८५, हबचे ३५०. एकूण ९१५ च्या आसपास.
टायर-ट्यूब: ५०० दुप्पट १०००.

म्हणजे वेग घेताना टायर-ट्यूब नव्या चाकांच्या थोडी पुढेच.

आता घाटाचं. एकसारख्या गतीने चढताना दुप्पट-बिप्पट काही नाही, तिथे ग्रॅम तो ग्रॅम. ७८ + १५ + पाणी-कपडे ३ = ९६ किलो. त्यातले ६५० ग्रॅम म्हणजे ०.७ टक्के. तासाभराच्या चढात पंचवीसेक सेकंद. १५ हजारांना पंचवीस सेकंद.

उतारप्रेमी
मास्तर, घड्याळ लावून टेकडीवर कोण जातं? पायवाटेवर दर वळणाला ब्रेक, दर वळणाला पुन्हा जोर. पुढचं चाक उचलून दगडावर ठेवायचं असतं, हँडल पटकन फिरवायचं असतं. तिथे हलकं चाक हाताला कळतं. टक्केवारीत मावत नाही ते.

गणितमास्तर
मान्य, पण अर्धंच. फिरत्या कडेत घातलेली ताकद वाया जात नाही, पेडल थांबवलं की ती परत मिळते. वाया जाते ती ब्रेक दाबल्यावर. म्हणून सलग रस्त्यावर फरक जवळजवळ शून्य, आणि तुम्ही म्हणता तशा वळणावळणाच्या वाटेवर थोडा. पण तो फरक टायरमधूनच जास्त मिळतो, हे वरच्या आकड्यांत दिसतंच आहे.

चेन_वंगण
दोघंही वजनातच अडकलात. वायर बीडच्या स्वस्त टायरचं कापड जाडं असतं, ३० टीपीआय (इंचाला धागे) किंवा त्याच्या आसपास. ६० किंवा १२० टीपीआयचा टायर खडीवर स्वतः दबतो आणि सायकल पुढे जाऊ देतो. जाडा टायर प्रत्येक खड्यावर सायकल उचलतो. "चाक हलकं झालं" म्हणून जे वाटतं त्यातलं बरंचसं हेच असतं.

फक्त शर्यतीचे ५५०-६०० ग्रॅमवाले टायर घेऊ नका. आपला काळा दगड फुटला की धार धरतो, पातळ बाजू ब्लेडने कापल्यासारखी फाटते. ६८० ते ७५० च्या दरम्यान, बाजूला जादा थर असलेला घ्या.

सराटा
इतके प्रतिसाद झाले आणि काट्यांचं नावच नाही? टेकडीवर बाभूळ आहे, वाटेच्या कडेला सराटे आहेत. १५० ची पातळ ट्यूब तिथे एक दिवस टिकणार नाही. एकशे चाळीस ग्रॅम वाचवून दोनशे ग्रॅमची जादा ट्यूब खिशात बाळगायची, याला हलकं करणं म्हणत नाहीत.

ट्यूबलेस करा. ट्यूबचे ४४० गेले, टायरमागे १०० मिली सीलंट (भोक बुजवणारं दुधासारखं द्रव) म्हणजे २०० परत आले, टेप आणि व्हॉल्व मिळून चाळीसेक. निव्वळ २०० कमी. फोल्डिंग टायरचे ३६० धरले तर ५६०. शिवाय काटा घुसला तर उपटायचा, चाक फिरवायचं, थेंबभर दूध बाहेर येतं आणि बंद. हवाही कमी ठेवता येते. ७८ किलोला २.२ टायरमध्ये ट्यूबसह मागे ३२ पीएसआय लागत असेल तर ट्यूबलेसला २६-२८ पुरते. कमी हवेत ट्यूब दगडावर आपटून दोन छिद्रं पाडून घेते, इथे ट्यूबच नाही.

खडीचा_घाट
सराटा, ट्यूबलेसचा विचार होताच. पण आत्ताची रिम ट्यूबलेसची आहे का, हे कसं ओळखायचं? रिमवर ६२२ x २३ एवढंच छापलंय.

तारबंद
६२२ म्हणजे टायर बसतो त्या जागेचा व्यास, मिलीमीटरमध्ये. २९ इंच आणि रोडची ७०० सी, दोन्हींचा तोच. २७.५ चा ५८४, २६ चा ५५९. २३ ही आतली रुंदी. ट्यूबलेसबद्दल हा आकडा काही सांगत नाही.

टायर काढून रिमची आतली बाजू बोटाने चाचपा. भिंतीला लागून सपाट कट्टा आणि त्याच्या आतल्या टोकाला बारीक उंचवटा लागला तर ट्यूबलेसची. टायरची कडी त्या उंचवट्यावरून टक्कन चढून बसते आणि हवा कमी झाली तरी आत सरकत नाही. नुसता उतार असून मध्ये खोलगट भाग असेल तर साधी. साध्या रिमवर टेप लावून काही जण ट्यूबलेस करतात, घरच्या अंगणात चालतंही. पण वळणावर कमी हवेत कडी आत सरकली की सगळी हवा एकदम जाते. पुढच्या चाकात असं झालं तर दात मोजायची वेळ.

नवशिका
मध्येच विचारतो. माझ्या सायकलीला मागे ७ गियर आहेत. मला अशीच हलकी चाकं लागतील का? दुकानदार म्हणतो फ्रीव्हील आहे, मित्र म्हणतो कॅसेट.

वर्नियर
नवशिका, सगळ्यात छोट्या गियरच्या मधोमध बघा, पाना बसायच्या खाचा दिसतील. चाक स्थिर धरून गियर उलटे फिरवा. खाचा गियरसोबत फिरल्या तर कॅसेट, गियर फिरून खाचा जागीच राहिल्या तर फ्रीव्हील.

फ्रीव्हील असेल तर ते हबवर आट्यांनी बसलेलं असतं, नवी बहुतेक चाकं कॅसेटची असतात. फ्रीव्हील त्यावर लागणार नाही. पण घाबरू नका, ७ गियरची कॅसेट घ्या, ८-९-१० च्या फ्रीहबवर मागे ४.५ मिमीचा स्पेसर टाका, आहे तेच शिफ्टर चालतं. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायचं.

आणि बदल करण्यासारखा आहेही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला असतं, तिथून फ्रेमपर्यंत एक्सल आधाराविना. उड्या मारल्या की वाकतो. कॅसेटच्या फ्रीहबमध्ये ते बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतं. वजनापेक्षा हे कारण मोठं.

नवशिका
खाचा जागीच राहिल्या. दुकानदार जिंकला. 🙏

वर्नियर
आता मूळ धाग्याकडे. नवी जोडी घ्यायचीच असेल तर ऑर्डर देण्याआधी मोजायच्या गोष्टी, कारण परत पाठवायचा खर्च चाकांना फार पडतो.

फ्रेमच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर पट्टीने मोजा. १३५ आणि १४१ दोन्ही क्विक रिलीजमध्ये येतात, ट्रेक कंपनीच्या काही मॉडेलांत १४१ होतं. नुसतं "क्यूआर आहे" म्हणून १३५ धरू नका. १४२ आणि १४८ हे १२ मिमीच्या थ्रू एक्सलचे (आरपार जाणारा जाड एक्सल). १४१ आणि १४८ ला बूस्ट म्हणतात.

पुढे ९ मिमीचा क्विक रिलीज की १५ मिमीचा थ्रू, हे फोर्कवर ठरतं. नोव्हाटेकच्या डी०४१ आणि डी०४२ सारख्या हबना टोकाच्या टोप्या बदलून दोन्ही करता येतं. उद्या फोर्क बदलायचा असेल तर असलाच हब घ्या. अरुंद हब स्पेसर लावून बूस्ट फ्रेममध्ये बसवता येतो, रुंद हब अरुंद फ्रेममध्ये कशानेच बसत नाही.

रोटर सहा बोल्टचे असतील तर हबही तसाच. सेंटरलॉक हबवर (रोटर बोल्टऐवजी एकाच मधल्या रिंगने बसतो तो) ॲडॉप्टरने लागतात, पण ॲडॉप्टरचंही वजन असतं आणि खर्चही, मग वाचवलं काय?

८, ९, १० गियरला नेहमीचा एचजी (शिमानोच्या खाचांचा) फ्रीहब. शिमानोच्या ११ गियरच्या माउंटन कॅसेटलाही तोच चालतो. ११ च्या रोड कॅसेटला १.८५ मिमी जास्त लांबीचा लागतो. शिमानोच्या १२ गियरच्या माउंटन कॅसेटला वेगळ्या खाचांचा मायक्रोस्प्लाइन. तुम्हाला एचजी.

राहिलं व्हॉल्वचं भोक. सायकलीला आता पेट्रोल पंपावर चालणारा मोटरसायकलसारखा व्हॉल्व असेल तर रिमचं भोक साडेआठ मिमी असतं. नव्या रिमला बहुतेक साडेसहा, प्रेस्टा या बारीक व्हॉल्वचं. जुन्या ट्यूब त्यात जाणार नाहीत. ड्रिल मारून भोक मोठं करायच्या भानगडीत पडू नका.

भंगारवाला
आणि प्रेस्टा घेऊन पंपावर गेलात की तिथला मुलगा आधी व्हॉल्वकडे बघतो, मग तुमच्याकडे. स्वस्तातला पितळी ॲडॉप्टर चावीच्या जुडग्यात अडकवून ठेवा.

जांभ्याची_वाट
निप्पलबद्दल एक. कुणी "ॲल्युमिनियमची निप्पल घ्या, चाळीस ग्रॅम वाचतात" म्हणून सांगेल. आमच्या सिंधुदुर्गात, गोव्यात, मुंबईत समुद्राजवळ कुठेही, ती घेऊ नका. खारी हवा आणि पावसाळ्याचे चार महिने, पोलादी तार आणि ॲल्युमिनियम निप्पल एकमेकांना धरून बसतात. दोन वर्षांनी आऊट (चाकाची लचक) काढायला चावी लावली की निप्पल गोल होतं किंवा तुटून रिमच्या पोटात पडतं. ट्यूबलेसच्या सीलंटमध्ये बऱ्याचदा अमोनिया असतो. टेपमधून झिरपला तर तेही याच कामाला लागतं. पितळीच बरी.

आणि सीलबंद बेअरिंग म्हणजे पाणी जात नाही असा समज असेल तर तो काढून टाका. पाइपने जोरात धुतलं की जातं. फक्त ते बेअरिंग उघडून साफ करायचं काम कमी, बदलून टाकायचं जास्त.

चेन_वंगण
ताईंशी सहमत. म्हणूनच जुन्या कोन-वाटीच्या हबला नावं ठेवू नयेत. १३ किंवा १५ च्या पातळ पान्यांनी उघडतो, रॉकेलने धुवायचा, मागे पाव इंची छर्रे नऊ-नऊ, पुढे ३/१६ चे दहा-दहा, नवं ग्रीस, बंद. छर्रे बदलताना जुने-नवे मिसळायचे नाहीत, दोन्ही बाजूंचे सगळे नवेच. कोनवर खड्डे पडले असतील तर कोनही बदला. वाटीवर पडले असतील तर मात्र हब गेला.

कोन आवळताना एक चूक सर्रास होते. चाक हातात असताना खेळ पूर्ण शून्य करतात. क्विक रिलीज आवळला की पोकळ एक्सल किंचित दबतो आणि बेअरिंग जाम होतं. हातात असताना केसभर खेळ ठेवायचा, सायकलीवर आवळल्यावर तो गेला पाहिजे.

उतारप्रेमी
हबच्या स्तुतीत धागा वाहून चाललाय. खडीचा_घाट यांनी "चाकं" विचारलीत, तुम्ही त्यांना टायर देऊन घरी पाठवताय. जुनी वापरलेली चांगली जोडी का नाही सुचवत कुणी? लोक फ्रेम बदलतात आणि १३५ ची चांगली चाकं पडून राहतात.

तारबंद
वापरलेली जोडी जरूर बघा, पण बघताना चष्मा लावा. रिमवर तारेच्या भोकाभोवती नखाएवढ्या भेगा असतील तर सोडून द्या. तारांना बोटाने छेडून आवाज ऐका. एकाच बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा हवा. चाक सरळ दिसतंय पण दोन तारा कडक आणि शेजारच्या दोन ढिल्या, याचा अर्थ रिम वाकलेली आहे आणि तारांच्या जोरावर ओढून सरळ दाखवलीय. ती पुन्हा पुन्हा आऊट होणार. फ्रीहब हातात धरून वर-खाली हलवा. जरासा खेळ चालतो, खडखड चालत नाही.

पण यांच्यासाठी मला तिसरा रस्ता जास्त पसंत आहे: हब तेच, फक्त रिम बदलायच्या. सध्या रिम साधी असेल तर ट्यूबलेसही त्यानेच होईल. नवी रिम ५०० ची, ३२ भोकांची, आतून २५. जुन्या तारा चांगल्या असतील आणि नव्या रिमचा ईआरडी (तारांची टोकं पोचतात तिथला रिमचा व्यास) जुन्याच्या एक-दोन मिमीत असेल, तर तारा त्याच चालतात.

काम असं. नवी रिम जुनीच्या शेजारी चिकटपट्टीने तीन-चार जागी बांधा, व्हॉल्वची भोकं समोरासमोर. सगळ्या तारा थोड्या थोड्या ढिल्या करत आणा, एका बाजूच्या सगळ्या सोडून मग दुसरी, असं करू नका. मग एक तार सोडायची, शेजारच्या रिममध्ये त्याच भोकात घालायची, निप्पल चार आटे फिरवायचं, पुढची. क्रॉस (तारा एकमेकींना ओलांडतात ती मांडणी) मोडत नाही, हबवर काही हलत नाही. रोटरही जागचा हलत नाही, त्यामुळे ब्रेकच्या कॅलिपरला हात लावायला नको. नव्या हबला कॅलिपर परत मधोमध आणणं आणि गियर परत लावणं, दोन्ही करावं लागतं.

अडचण येते ती भोकांच्या झुकावात. काही रिमना व्हॉल्वच्या उजवीकडचं पहिलं भोक डावीकडे झुकलेलं असतं, काहींना उलट. उलट निघालं तर एक भोक सरकवून सुरू करा. चाक मजबुतीला तेवढंच राहतं, पण व्हॉल्वजवळच्या तारा एकमेकींकडे झुकतात आणि पंपाचं तोंड घुसवताना शिव्या येतात.

वर्नियर
ईआरडी कागदावरचा धरू नका, मोजा. दोन जुन्या तारा बरोबर २०० मिमीला कापा, निप्पल शेवटपर्यंत चढवा, समोरासमोरच्या भोकांतून घाला आणि ताणून दोघींच्या टोकांमधलं अंतर घ्या. त्यात ४०० मिळवा. तीन वेगवेगळ्या जागी मोजा, स्वस्त रिम अगदी गोल असेलच असं नाही.

नव्या तारा घ्यायच्याच झाल्या तर एक नमुना. ईआरडी ६००, हबच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास ५८, मध्यापासून फ्लँज (हबची तारा अडकतात ती चकती) डावीकडे ३५, उजवीकडे २०, ३२ तारा, तीन क्रॉस. डावीकडे २९१ मिमी, उजवीकडे २८९.५ येते. दोन्ही बाजूंना एकच लांबी मागवणारे दुकानदार असतात, त्यांच्याकडून ऐकून घेऊ नका.

गणितमास्तर
पडताळून पाहिलं. २९ चा वर्ग अधिक ३०० चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग, वजा २ x २९ x ३०० x कोसाइन ६७.५ अंश. वर्गमूळ २९२.२, त्यातून भोकाचा अर्धा व्यास १.३ वजा, २९०.९. बरोबर आहे. शाळेत कोसाइन कशाला शिकवतात हे विचारणाऱ्या पोरांना हा प्रतिसाद दाखवा.

भंगारवाला
दाखवला. पोरगं म्हणतंय तयार चाक घ्या.

सराटा
तारबंद, जुन्या तारा परत वापरायला भीती वाटत नाही का? मागच्या चाकातल्या तारा पाच वर्षं ताण खाऊन बसल्यात.

तारबंद
रास्त शंका. नियम सोपा ठेवा. आधी एखादी तार अपघाताशिवाय, आपोआप हबजवळच्या वाकात तुटली असेल, तर बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत, सगळ्या नव्या. आट्यांवर गंज असेल, साखळी पडून उजव्या बाजूच्या तारांना ओरखडे असतील, तरी नव्या. एवढं नसेल तर तार पाच वर्षांत म्हातारी होत नाही. ढिली राहिलेली तार लवकर मरते, घट्ट तार नाही. प्रत्येक फेऱ्यात ढिली-घट्ट, ढिली-घट्ट होत ती वाकात थकते.

म्हणून ताण नीट द्या. मागे उजवीकडे ११० किलोच्या आसपास, रिमवाल्याने दिलेल्या मर्यादेच्या आत. डावीकडे त्याच्या ५५-६० टक्के येईल. ती चूक नाही, फ्लँज ३५ आणि २० वर असल्यामुळे तसंच येतं. पुढे उलटं, रोटरच्या बाजूच्या तारा जास्त कडक. आट्यांना जवसाचं तेल लावा, सुकलं की निप्पल धरून ठेवतं आणि पुढच्या वेळी फिरतंही. ताण आला की समांतर तारांच्या जोड्या दोन्ही हातांनी जोरात दाबा, कटकट आवाज येतील, पुन्हा आऊट काढा. आवाज यायचे थांबेपर्यंत हेच. हे टाळलं की पहिल्या रविवारीच चाक लचकतं, आणि दोष रिमला जातो. अर्धा मिमीच्या आत आऊट आलं की पुरे, डिस्क ब्रेकला त्याहून जास्त कशाला.

खडीचा_घाट
सगळ्यांचे आभार. टायर काढून चाचपलं. कट्टा नाही, उंचवटा नाही, साधी रिम. एकही तार तुटलेली नाही, आटे स्वच्छ. मागचा हब उघडला, कोनवर एक खड्डा, वाट्या चकचकीत.

ठरवलेला क्रम: टायर ७०० च्या आसपासचे फोल्डिंग, २.२५. रिम दोन, २५ मिमी, ट्यूबलेसच्या. मागचे कोन आणि सगळे छर्रे नवे. हब आणि तारा त्याच, ईआरडी मोजून जुळला तर. टेप किती रुंद घ्यायची?

सराटा
आतल्या रुंदीपेक्षा तीन-चार मिमी जास्त, म्हणजे तुम्हाला २८-२९. रिम आधी स्पिरिटने पुसा, तेलाचा हात लागला तर टेप उचलते. सुरुवात व्हॉल्वच्या विरुद्ध बाजूला, ताणून, दोन फेरे. व्हॉल्वचं भोक तापवलेल्या सुईने पाडा, ब्लेडने नको, ब्लेडची चीर पुढे फाटत जाते. पहिल्यांदा सीलंट न घालता, व्हॉल्वची पिन काढून कंप्रेसरची हवा मारा. दोन्ही बाजूंना टक-टक आवाज येऊन कडी बसली की हवा सोडा, मग पिनेच्या जागेतून १०० मिली सीलंट, पिन, हवा. चाक आडवं धरून हलवा, दहा मिनिटं एका बाजूवर, दहा दुसऱ्या. रात्रभरात हवा थोडी उतरते, घाबरू नका.

एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाजवळ हलवून बघायचं, खळखळ आली नाही तर ५०-६० मिली परत घालायचं.

गणितमास्तर
शेवटचा हिशोब. टायर ३४०, रिम २४०, ट्यूब जाऊन सीलंट-टेप येऊन २००. ७८० ग्रॅम, सगळे कडेचे. नव्या चाकांचे होते ६५०, त्यातले निम्म्याहून जास्त हबचे.

उतारप्रेमी
बरं बाबा, हरलो. पण हब शांत राहणार, गर्रर्र आवाज येणार नाही, त्याचं काय?

चेन_वंगण
टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांसाठी घंटी लावा.

भंगारवाला
सगळं ठरलं. बॅग काट्यावर ठेवली का?

खडीचा_घाट
ठेवली. ४ किलो १०० ग्रॅम. गणितमास्तर यांनी ३ धरले होते. तिच्यासाठी वेगळा धागा काढतो.